फतेह मैदानावरचे गवत

१९६९ च्या ऑक्टोबरात हैदराबादच्या फतेह मैदानावर, ज्याला तोवर लालबहादूर शास्त्रींचे नाव मिळाले होते, भारत व न्यूझीलंड यांच्यातील मालिकेचा तिसरा आणि अखेरचा कसोटी सामना झाला. आणि खेळाचा लेखी कायदा व खेळाची रीत यांचे परस्परांशी नाते काय, हे ज्याला उदाहरणाने समजून घ्यावयाचे असेल, त्याने विलायती ग्रंथ धुंडाळण्यापूर्वी या एका सामन्याची हकीकत नीट वाचावी. मालिका एक-एक अशी बरोबरीत होती. पावसाने एक दिवस बुडाला. विश्रांतीच्या दिवशी खेळपट्टीवरील गवत कापून घेण्याची जबाबदारी पंचांची होती, पण ते काम राहून गेले. आणि चूक ध्यानात आल्यावर, खेळ पुन्हा सुरू होण्याच्या सकाळी गवत कापावे असा विचार पुढे येताच न्यूझीलंडचा कप्तान ग्रॅहम डाउलिंग याने नियमाकडे बोट दाखवून त्यास साफ नकार दिला. ओलसर, गवताळ खेळपट्टीवर भारताची अवस्था नऊ बाद ४९ अशी झाली. वेंकटराघवन आणि बेदी यांनी शेवटच्या जोडीने ४० धावांची भर घातली म्हणून ८९ तरी झाल्या. प्रेक्षकांत दंगल उसळली, तो प्रकार निराळाच.

डाउलिंगचे वर्तन खिलाडूवृत्तीला शोभणारे होते काय? त्या काळी अनेकांना ते कोतेपणाचे वाटले असणार, कारण ज्या नियमावर तो अडून बसला त्या नियमात त्याचाच लाभ होता. माझे मत मात्र त्याच्या बाजूचे आहे. गवत त्याने वाढविले नव्हते आणि कापण्याचे विसरलाही तो नव्हता. ज्याच्या हाती अंमल त्याने केलेली कसूर भरून काढण्यासाठी परमुलखातून आलेल्या पाहुण्याने आपला लेखी हक्क सोडावा, अशी अपेक्षा करणे म्हणजे यजमानाचे ऋण पाहुण्याच्या खात्यावर मांडणे होय.

खरी परीक्षा अखेरच्या दिवशी झाली. विजयासाठी २६८ धावा हव्या असताना भारताचे सात गडी ७६ धावांत बाद झाले होते, आणि तेवढ्यात पाऊस आला. तो ओसरला, ऊनही पडले, पण खेळ काही पुन्हा सुरू झाला नाही. सामना अनिर्णित राहिला आणि मालिकाही. मैदानावरचे पाणी किती माणसांनी, किती पोती घेऊन, किती घाईने टिपावे याविषयी कोणत्याही नियमावलीत कलम नसते. डाउलिंगने जो आग्रह धरला तो निदान दप्तरी नमूद असलेल्या नियमाचा होता. यजमानांनी आश्रय घेतला तो नियमाच्या मौनाचा. संथ हाताने फिरविलेल्या फडक्यावर फिर्याद दाखल करता येत नाही, आणि म्हणूनच ते फडके कोणत्या गतीने फिरते यावरून मैदानाची इभ्रत ठरते.

आता ही रीत माणसात येते कोठून? आमच्या हैदराबादेत या प्रश्नाला तयार उत्तर आहे: ती खानदानी असते, तहजीब रक्तातच असावी लागते. या उत्तरावर माझा विश्वास नाही, आणि तो नसण्याचे कारणही याच शहराने पुरविले आहे. फुटबॉलचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० पासून सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला, भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ता येथे दक्षिण कोरियाला हरवून त्याने आशियाई सुवर्णपदक मिळविले. हे सर्वांना ठाऊक आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते रहीमसाहेबांनी भरविलेले अजब सामने. एका प्रकारात चेंडू पायाशी खेळवीत पुढे नेण्यास सक्त मनाई, आला की साथीदाराकडे धाडावयाचा. दुसऱ्या प्रकारात केवळ दुबळ्या पायाने खेळावयाचे. पोरांना प्रारंभी हा जाचच वाटला असेल! ज्याच्या पायात जादू आहे, त्याला चेंडू स्वतःपाशी ठेवण्याचा मोह होणारच. तो मोह नीतिपाठाने आवरत नाही, पण जेथे ठेवणेच बेकायदा आहे तेथे चेंडू येण्याआधीच खेळाडूची मान वर होते आणि डोळे साथीदाराला शोधू लागतात. पुढे बंदी उठते, मान मात्र वर होतच राहते. दुसऱ्याची दखल घेणे हा शिष्टाचाराचा गाभा मानला, तर तो येथे तालमीने अंगात मुरविला गेला. त्यात रक्ताचा संबंध आला कोठे?

याउलट, मुंबईत १९८० च्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत भारताचा कप्तान गुंडाप्पा विश्वनाथ याने पंचांनी बाद ठरविलेल्या बॉब टेलरला परत बोलाविले, ही कथा आपण केवळ औदार्याची म्हणून सांगतो. इंग्लंडची अवस्था पाच बाद ५८ होती. टेलर आणि बोथम यांनी नंतर १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. पण पंचांच्या संमतीने अपील मागे घेण्याची मुभा कप्तानाला कायद्यानेच दिलेली असते, हे त्या सांगण्यात विसरले जाते. कायदा करणाऱ्याने सौजन्यासाठी एक दार मुद्दाम उघडे ठेवले होते आणि विश्वनाथ त्या दाराने गेला, एवढेच.

अलीकडे अशी दारे बुजविण्याकडे कल दिसतो. पुल्लेला गोपीचंद यांच्या अकादमीमुळे हैदराबाद ज्या खेळाची राजधानी बनले त्या बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस कमरेखालून करावी असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या होता, आणि कमर कोठे संपते याचा निवाडा पंच नजरेने करीत. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्या जागी जमिनीपासून १.१५ मीटरची मोजमापाची रेषा आली. तक्रारी त्यामुळे कमी होत असतील तर उत्तमच. मात्र या शहरातील वसाहतींच्या कोर्टांवर पहाटे जे शेकडो लोक खेळतात, त्यांच्यापाशी ना मापाचे उपकरण असते ना पंच. तेथे फूल रेषेच्या आत पडले की बाहेर, हे ज्याच्या बाजूला ते पडले त्यानेच सांगावयाचे असते, आणि संशय राहिलाच तर गुण समोरच्याला देण्याचा दस्तूर आहे. तो पाळणारा कोण आणि न पाळणारा कोण, हे त्या कोर्टावर आठवडाभरात सर्वांना ठाऊक होते आणि जोड्याही त्याच हिशेबाने लागतात.