हरवले कोण?

'प्रवास' हा शब्द आपण रोज वापरतो. पण त्याच्या पोटात काय आहे ते पाहिले आहे का? 'वस्' म्हणजे राहणे. त्याला 'प्र' हा उपसर्ग लागला की घर सोडून दूर राहणे, असा अर्थ होतो. पती परगावी गेलेल्या स्त्रीला साहित्यशास्त्रात 'प्रोषितभर्तृका' म्हणतात; तो 'प्रोषित' शब्दही याच धातूचा. म्हणजे बाप हो, प्रवास या शब्दात चालण्याचा धातूच नाही! बैलगाडी, बोट, विमान, पायांचे फोड, हे सारे आपण त्याला मागून चिकटवले. मूळ गोष्ट राहण्याची. जेथे आपले नाव कोणाला ठाऊक नाही, तेथे तुम्ही कसे राहता, एवढेच तो शब्द विचारतो.

आपला देवही उभा राहणारा. द्वारकेहून चालत आला खरा. पण पुंडलिकाने वीट भिरकावली, आईबापांची सेवा आटोपेपर्यंत थांब म्हटले, आणि तो थांबला. किती वेळ, हे त्याने विचारले नाही. सेवा केव्हाच आटोपली, वाळवंटात पुंडलिकाची समाधी झाली, तरी हा विटेवरून उतरला नाही. पिढ्यान् पिढ्या वारकरी जातात आणि त्यांना तो भेटतो, कारण त्याने जागा बदललेली नाही. या उभे राहण्याचा एक दाखला मी परमुलखात पाहिला, तो सांगतो.

२०१९ च्या आषाढ वद्यात लंडनला काही मराठी घरांतून माझी कीर्तने होती. मृदंगाला तिथलाच एक मुलगा मिळाला होता. विणेकरी मात्र बरोबर नेले होते. वय सत्तरीपलीकडे, इंग्रजीचे अक्षर ठाऊक नाही, खिशात फोन नाही. सारे त्यांना तात्या म्हणतात. तात्यांचा एक नेम. वीणा गळ्यात घातली, की दुसऱ्याच्या गळ्यात दिल्याखेरीज ती भुईला टेकवायची नाही आणि आपणही बसायचे नाही. सप्ताहात पहाऱ्याला हा नियमच असतो. पण परक्या शहरात, वाटेवरही तो पाळा, असे कोणी सांगितले नव्हते. तात्या मुक्कामाच्या घरून निघताना वीणा गळ्यात घालीत, ती यजमानाच्या घरी पोचल्यावर उतरवीत.

एकादशीचा दिवस होता. जायचे होते डॉलिस हिलला. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू तिकडेच आहे. आम्हाला न्यायला येणारे गृहस्थ सकाळीच तापाने आडवे झाले. बसमध्ये बसलो, तर वाटेत झाड पडल्यामुळे ती भलत्याच रस्त्याने गेली आणि आम्ही एका अनोळखी चौकात उतरलो. पाऊस लागला. छत्री एकच, तीही विणेवर. एका भल्या माणसाने मोठ्या अगत्याने वाट दाखवली, ती नेमकी उलटी. पोटात दोन केळी. अशा रीतीने दुपार टळल्यावर भुयारी रेल्वेत उतरलो.

ही जगातली पहिली भुयारी रेल्वे, १८६३ सालची. आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा दहाच वर्षे झाली होती. तिचा नकाशा पाहण्यासारखा आहे. हॅरी बेक नावाच्या आरेखकाने तो काढला आणि १९३३ साली लोकांच्या हाती आला. त्यात खरे अंतर दाखवलेलेच नाही! कोणत्या स्थानकामागून कोणते, आणि गाडी कोठे बदलायची, एवढेच. पंढरी किती कोस उरली हे न विचारता आजचा मुक्काम कुठला, उद्याचा कुठला, एवढेच विचारणाऱ्या माणसाला तो चटकन कळतो. तात्यांनी बोट ठेवून ठिपके मोजले. गाडी बदलल्यानंतर दहावा ठिपका आपला.

गाडी बदलायच्या स्थानकात ही गर्दी! मी आत शिरलो. तात्या पाठोपाठ होते; पण बाबागाडी घेतलेली एक बाई आली, तिला वाट द्यायला ते पाऊलभर मागे सरले, आणि दारे मिटली. तेथे गाडीला दारे आहेतच, शिवाय फलाटालाही काचेची दारे आहेत. दोन काचांपलीकडे तात्या, गळ्यात वीणा. गाडी सुटली.

पुढच्या स्थानकात उतरून उलट दिशेची गाडी धरली. आमच्या पुढच्या गाडीत कोणी प्रवासी आजारी पडला, म्हणून आमची गाडी बोगद्यात थांबली ती पाऊण तास. त्या वर्षी बोगद्यात फोन लागत नसे. आणि लागला असता तरी करायचा कोणाला? तात्यांना साखरेचा आजार, त्यात उपवास. घाबरून ते कुठल्याशा गाडीत चढले असतील तर? पावणेतीनशेच्या आसपास स्थानके, शोधायचे कोठे? नामस्मरण चालू होते, पण खरे सांगू का, ओठ नाम घेत होते आणि मन ठिपके मोजत होते.

याच रेल्वेची एक गोष्ट मी ऐकली होती, ती तेव्हा आठवली. गाडी आणि फलाट यांच्यामधली फट सांभाळा, असा इशारा तेथे ध्वनिमुद्रित आवाजात देतात. तो आवाज एका नटाचा होता. नट वारला. त्याची पत्नी एम्बँकमेंट स्थानकात जाऊन बसे आणि पतीचा आवाज ऐके. पुढे यंत्रे नवी आली, आवाज गेला. तिने विनंती केली, आणि २०१३ साली तेवढ्या एका फलाटावर तो आवाज परत बसवण्यात आला. त्या माउलीला कोठल्याच गाडीत चढायचे नव्हते. प्रोषितभर्तृका आणखी कोणाला म्हणावे!

असो. मी परत पोचलो तेव्हा फलाटाच्या त्याच टोकाला, त्याच दारासमोर तात्या खुर्चीवर बसलेले, हातात पाण्याचा पेला. शेजारी रेल्वेच्या गणवेशातली एक धिप्पाड, आफ्रिकी वंशाची बाई ताठ उभी, आणि तिच्या गळ्यात आमची वीणा!

झाले होते ते असे. तिने विचारपूस केली. तात्यांचे मराठीत एकच उत्तर, 'बुवा इथेच येतील.' हिंदी जाणणारा एक विद्यार्थी भेटला, त्याने दुभाष्याचे काम केले. वर कचेरीत चला म्हटले, तात्या हलेनात. खुर्ची आणली, बसेनात. पाय तर लटलट कापत होते. मुलाने नेम समजावून सांगितला, तेव्हा त्या बाईने काही न बोलता दोन्ही हात पुढे केले. तात्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले, आणि सप्ताहात करतात तसेच केले. वाकून तिच्या पायांना हात लावला व वीणा तिच्या गळ्यात घातली. ती गोंधळली, मग तीही वाकली. तिचे आजोबा बार्बाडोस बेटावरचे. १९५६ पासून तिकडची माणसे लंडनच्या बस आणि रेल्वेवर नोकरीला नेमून आणीत, त्यांतले ते एक. पहिल्या दिवशी त्यांना उतरून घ्यायला कोणी आलेच नाही. ट्रंक घेऊन ते थंडीत दोन तास उभे होते. 'आमच्या घरी ही गोष्ट अजून सांगतात,' असे ती मला म्हणाली.

गावी आल्यावर सप्ताहात मी ही हकीकत सांगितली, तेव्हा एका जुन्या टाळकऱ्यांनी सरळ विचारले, "बुवा, गळ्यात माळ नाही, मुखात नाम नाही, काय खात असेल कोण जाणे, अशा बाईच्या गळ्यात वीणा! मग नेम राहिला की मोडला?" प्रश्न कुचेष्टेचा नव्हता. ज्याला विणेची किंमत आहे तोच असे विचारतो, म्हणून उत्तर दिलेच पाहिजे. नेमाची अंगे दोन. वीणा भुईला लागू नये, हे एक. देताना परस्परांना नमस्कार व्हावा, हे दुसरे. यांतले मोडले कोणते? माळ ही घालणाऱ्याने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा आहे. दुसऱ्याचा गळा मोजण्याची ती दोरी नव्हे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरीत उपोषणाला बसले, तेव्हाही देव बाटेल म्हणणारे होते. मंदिर उघडले. देव काही विटेवरून खाली उतरला नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपण संतांच्या मालिकेत मानतो, ते काय जन्म पाहून? आणि जनाबाईचे जाते पांडुरंगाने ओढले, असे आपणच कीर्तनात रंगवून सांगतो ना? त्या जात्याला हात लावायचा अधिकार त्याला कोणत्या शास्त्राने दिला होता? जनी दमली होती, एवढाच.

तात्या मागेच उभे होते. त्यांना विचारले तर म्हणाले, "तिचे हात रिकामे होते, माझे गुडघे कापत होते. यात विचार कसला करायचा?"

त्या संध्याकाळचे एक राहिले. वीणा पुन्हा तात्यांच्या गळ्यात आली, या खेपेस हाताला धरून मी त्यांना गाडीत चढवले आणि म्हटले, "तात्या, तुम्ही हरवलात म्हणून माझा जीव अर्धा झाला हो."

"मी कुठे हरवलो? मी होतो तिथेच होतो. गेलात तुम्ही. त्या बाईलाही मी तेच सांगितले, आमचे बुवा हरवलेत, सापडले की इथे आणून सोडा."

मग ते बोटांवर ठिपके मोजू लागले. दहावा आला, तेव्हा मला हाक मारून त्यांनीच उतरवले.