धुक्यातले स्टेशन आणि आपले मृतजन



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने आपल्या मृतजनांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जातो, कबरी साफ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. घरी परतल्यावर लहान मुले विचारतात, "आजी आता कुठे आहे? ती तिथे काय करते?" मोठ्यांना उत्तर सुचत नाही. "देवाघरी गेली," एवढे बोलून आपण विषय संपवतो.

आपल्या तरुणांपैकी अनेकांनी मात्र या प्रश्नाचे एक चित्र पुस्तकात वाचलेले किंवा पडद्यावर पाहिलेले असते. जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर' मालिकेचा सातवा आणि शेवटचा भाग २१ जुलै २००७ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूच्या उंबरठ्यावरचा एक प्रसंग आहे. तो वाचून तरुण विचारतात, "फादर, यालाच आपण शुद्धिस्थान म्हणतो का?" प्रश्न मनापासून विचारलेला आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे.

जादूच्या पुस्तकाविषयी पत्रिकेत कशाला लिहायचे, असे काहींना वाटेल. जादूटोणा आपल्या श्रद्धेला मान्य नाही, यात शंका नाही. या पुस्तकांविषयी ख्रिस्तसभेतही मतभेद झाले. व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्वातोरे रोमानो' या दैनिकाने जानेवारी २००८ मध्ये एक लेख बाजूने आणि एक विरोधात, असे दोन्ही छापले होते. पण याच सातव्या भागात हॅरीच्या आईवडिलांच्या कबरीवर करिंथकरांस पहिल्या पत्रातले वचन कोरलेले आहे, की नाहीसा केला जाणारा शेवटचा शत्रू मृत्यू आहे (१ करिंथ १५:२६). हॅरीला ते वचन कुठले, हे ठाऊक नसते. आपल्याला ते ठाऊक आहे.

आता तो प्रसंग पाहू. आपल्या माणसांचा जीव वाचावा म्हणून हॅरी शस्त्र न उचलता शत्रूसमोर उभा राहतो आणि प्राणघातक वार अंगावर घेतो. डोळे उघडतो तेव्हा भोवती शुभ्र धुके असते. हळूहळू त्यातून एक मोठे, स्वच्छ, रिकामे रेल्वे स्टेशन दिसू लागते. ते लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनसारखे असते. तिथे त्याला त्याचे दिवंगत गुरुजी डम्बलडोर भेटतात. त्यांचा काळा पडलेला हात आता बरा झालेला असतो. ते आपल्या आयुष्यातल्या चुका सांगतात, रडतात, हॅरीची क्षमा मागतात. जवळच एका बाकाखाली, कातडी सोललेल्या बाळासारखे काहीतरी कण्हत पडलेले असते. त्याला कोणतीही मदत करता येणार नाही, असे गुरुजी सांगतात. शेवटी हॅरीपुढे दोन वाटा उरतात. त्याने परत जावे, नाहीतर गाडीत बसून पुढे जावे. पुढे म्हणजे कुठे, ते लेखिका सांगत नाही. हॅरी परततो. जाण्याआधी तो विचारतो, हे सारे खरे आहे की माझ्या मनात घडते आहे? मनात घडले म्हणून ते खोटे का मानावे, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळते.

हे स्वप्न, परलोक की दोहोंमधली जागा? पुस्तक निघाल्यावर लेखिकेला हा प्रश्न विचारला गेला. वाचकांनी आपापले ठरवावे, पण जीवन आणि मरण यांमधला तो एक प्रकारचा लिंबो असावा, असे त्या म्हणाल्या. म्हणजे चित्र मुद्दामच धूसर ठेवलेले आहे. त्यावरून परलोकाचा नकाशा काढू नये. मात्र हे चित्र आपल्या श्रद्धेशेजारी ठेवून पाहिले, तर आपल्याला काय मिळाले आहे ते अधिक स्पष्ट दिसते.

पहिली गोष्ट परतीच्या गाडीची. स्टेशनचे चित्र खानदेशातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. भुसावळला मुंबईहून आलेले रूळ दुभंगतात. एक वाट अकोल्यावरून नागपूरला जाते, दुसरी खंडव्यावरून इटारसीला. जळगावहून सुरतची वाट फुटते, चाळीसगावहून धुळ्याची. चुकीच्या गाडीत बसलेला माणूस पुढच्या स्टेशनावर उतरून मागे येऊ शकतो. मृत्यूच्या बाबतीत तशी सोय नाही. माणसाने एकदाच मरायचे आणि त्यानंतर न्याय, असे इब्री लोकांस पत्र सांगते (९:२७). श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या दाखल्यातही मध्ये मोठी दरी आहे (लूक १६:२६). म्हणून क्षमा मागण्यासाठी त्या धुक्यातल्या स्टेशनाची वाट पाहू नका. शेताच्या बांधावरून, घराच्या वाटणीवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत, आणि एकमेकांना शेवटी भेटतात ते शवपेटीजवळ. गुरुजी जे मेल्यावर बोलले, ते आपण आज, पायांत बळ आहे तोवर, भावाच्या दारात जाऊन बोलू शकतो. पापनिवेदनाचा संस्कारही प्रभूने याच आयुष्यासाठी दिला आहे.

दुसरी गोष्ट बाकाखालच्या त्या जीवाची. तो कोणा निष्पाप बालकाचा आत्मा नव्हे. शत्रू व्होल्डेमॉर्टने खून करून करून आपल्याच आत्म्याचे तुकडे केले, त्याची ती अवस्था आहे. पापाने माणूस आतून कसा होतो, हे त्यात दिसते. पण ज्या आईचे बाळ बाप्तिस्म्यापूर्वीच गेले, तिने हे वर्णन वाचले तर तिच्या काळजात काय होईल? अशा बाळांना लिंबोत जागा मिळते, तिथे दुःख नाही पण देवाचे दर्शनही नाही, असे पूर्वी शिकवले जाई. कित्येक माता हे ओझे मुकाट्याने वाहत म्हाताऱ्या झाल्या. त्या मातांनी हे ऐकावे. लिंबो हा ख्रिस्तसभेचा श्रद्धासिद्धांत कधीच नव्हता. एप्रिल २००७ मध्ये, म्हणजे ही कादंबरी येण्याच्या तीनच महिने आधी, व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने एक निवेदन प्रसिद्ध केले. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार आहे, असे त्यात सांगितले आहे. बालकांना माझ्याकडे येऊ द्या म्हणणारा प्रभू तुमच्या बाळाला बाकाखाली टाकून देणार नाही.

कापसाच्या या मुलुखात आणखी एक दुःख आहे. कर्जापायी, नैराश्यापायी कोणी स्वतःचा जीव घेतला, तर घरचे त्याचे नाव घ्यायलाही कचरतात. मिस्सा मागायला धजत नाहीत. जीव देणे हे गंभीर पाप आहे, ही शिकवण ख्रिस्तसभेने बदललेली नाही. पण भीती, वेदना आणि मनाचा आजार यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हेही ती सांगते. अशा माणसाच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्याला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा अशांसाठी प्रार्थना करते, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात लिहिले आहे (परिच्छेद २२८२-२२८३). ख्रिस्तसभेने असंख्य संतांची नावे जाहीर केली, पण अमुक एक माणूस नरकात आहे असे नाव घेऊन कधी जाहीर केलेले नाही. जे ती करत नाही, ते आपणही शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून करू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. त्या स्टेशनावरून गाडी पुढे जाते, पण पुढे कोण वाट पाहतो आहे, ते कळत नाही. आपल्याला कळले आहे. त्याच वर्षी, ३० नोव्हेंबर २००७ रोजी, पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 'स्पे साल्वी' हे आशेविषयीचे परिपत्रक दिले. शुद्धिस्थानाविषयी ते त्यात जे सांगतात, त्याचा भावार्थ असा. बहुतेक माणसांच्या अंतःकरणात सत्याची आणि देवाची ओढ असतेच, पण तिच्यावर तडजोडींची पुष्कळ घाण साचलेली असते. मृत्यूनंतर ख्रिस्ताची भेट होते, आणि त्याची दृष्टी हीच तो अग्नी असते. ती भाजते आणि त्याच वेळी बरे करते. ती भेट आपल्या घड्याळाने मोजता येत नाही. म्हणजे शुद्धिस्थानातही आपल्याला भेटतो तो आपला तारणाराच.

आणि त्या माणसांना मदत करता येते! कादंबरीतले दृश्य आणि आपली श्रद्धा यांत मोठा फरक आहे तो इथे. यहूदा मक्काबीने युद्धात पडलेल्या आपल्या सैनिकांच्या पापांसाठी अर्पण करायला दोन हजार चांदीची नाणी यरुशलेमला पाठवली (२ मक्काबी १२:४३-४६). संत मोनिका सन ३८७ मध्ये परमुलखात, ओस्तिया इथे मरणपंथाला लागली होती. माझा देह कुठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मुलांकडे मागितले. मृतांशी आपले नाते तुटत नाही, ही जाणीव खानदेशच्या मातीलाही आहे. आखाजीला आपले शेजारी पितरांच्या नावाने घागर भरतात. आपण तो विधी करत नाही, पण त्यामागची माया ओळखतो. आपण ती माया मिस्साबलिदानात, ख्रिस्ताच्या अर्पणाशी जोडून, वेदीवर ठेवतो.

२०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या काळात कित्येकांना आपल्या माणसाचे तोंडही पाहता आले नाही. रुग्णाभ्यंग नाही, खांदा देणे नाही, मूठभर मातीसुद्धा नाही. "शेवटचे काहीच करता आले नाही" हा सल आजही काही घरांत आहे. त्या घरांना सांगावेसे वाटते की शेवटचे अजून संपलेले नाही. तुमची आजची प्रार्थनाही त्यांना पोहोचते. दुसऱ्याच्या हृदयाला स्पर्श करायला कधीच उशीर झालेला नसतो, असे पोप बेनेडिक्ट त्याच परिपत्रकात म्हणतात.

म्हणून या महिन्यात चार गोष्टी करू या. घरातल्या मृतांची नावे एका कागदावर लिहून वेदीसाठी द्या. न जन्मलेले बाळ, जीव दिलेला भाऊ, ज्याच्याशी अबोला होता तो काका, यांची नावे गाळू नका. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांसाठी ख्रिस्तसभेने विशेष कृपादान ठेवले आहे, ते आपल्या मृतांसाठी अर्पण करा. ज्या कबरीवर कोणी येत नाही, तिथेही एक मेणबत्ती लावा. आणि मुलांनी पुन्हा विचारले, "आजी काय करते?" तर सांगा, "आजी येशूला भेटते आहे. आपण प्रार्थना केली, की तिला आपली सोबत होते."

हे दयाळू प्रभो, आमच्या आधी गेलेल्या सर्वांना, विशेषतः ज्यांची आठवण काढायला कोणी उरले नाही त्यांना, तुझ्या मुखाचा प्रकाश पाहू दे. आम्हांला आजच क्षमा मागायची आणि क्षमा करायची बुद्धी दे. आमेन.