राखलेले कोणासाठी?



वाचकहो, हल्ली तरुण आईबाप भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात : "महाराज, मुलांना काटकसरीची सवय कशी लावावी?" त्यांच्या मनात दोन काळज्या असतात. एक घरखर्चाची. दुसरी, ही मुले मोठी होतील तेव्हा त्यांच्या वाट्याला कसले पाणी, कसली माती आणि कसली हवा येईल, याची. ते बाजारात कापडी पिशवी नेतात, बाळाला कापडी लंगोट बांधतात, खेळणी कमी आणतात. हे पाहून आमच्या वयाची मंडळी म्हणतात, "यात नवे ते काय? आम्ही असेच वाढलो." दोघांचेही म्हणणे खरे आहे. पण त्याच्या मुळाशी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो कोणी सहसा विचारीत नाही. वाचवणे हा स्वतःच सद्गुण आहे का?

कृपणही वाचवतोच ना! दिवा तोही विझवतो, नळ तोही घट्ट आवळतो, उसवलेला सदरा तोही पुन्हा टाचतो. बाहेरून पाहिले तर साधूचे घर आणि कृपणाचे घर सारखेच दिसते. मग दोघांत फरक कुठे पडतो?

आधी जुन्या घरांकडे पाहू. आजीचे मऊ झालेले लुगडे फाडून बाळाची दुपटी होत. दुपटी विरली की त्यांचे लंगोट, आणि लंगोटही विरले की त्या चिंध्या गोधडीच्या पोटात जात. थोरल्याची पुस्तके धाकट्याला मिळत. वह्यांची उरलेली कोरी पाने दाभणाने शिवून नवी वही तयार होई. न्हाणीचे पाणी अळूला आणि केळीला. भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासायची. शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीला पडे. सालपटे गुरांना, गुरांचे शेण शेताला. टाकून द्यावे असे घरात फारसे काही उरतच नसे.

पण या चित्राला हार घालण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली अशी, की त्यातले पुष्कळसे निव्वळ नसण्यातून आले होते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना खडी फोडण्याची कामे आणि सुकडीची रांग आठवत असेल. ज्याच्याजवळ दुसरा सदराच नाही, त्याने एका सदऱ्यावर वर्ष काढले तर त्याला व्रत म्हणता येत नाही. व्रत म्हणजे असताना आवरणे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. त्या घराची सारी काटकसर कोणाच्या पाठीवर उभी होती? दुपटी धुणारी, राख चाळणारी, गोधडी शिवणारी, आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले ताटात घेणारी एकच बाई होती. घरात अन्न वाया जात नसे, कारण ते तिच्या पोटात जाई. शिळे तिने खायचे आणि घराच्या नावाने काटकसरीची कीर्ती व्हायची.

इथे मला जनाबाई आठवते. नामदेवांच्या घरी दळणकांडण, झाडलोट, शेण वेचणे हे तिच्या वाट्याचे काम. तिच्या अभंगांत विठ्ठल काय करतो? तो विटेवर उभा राहून तिच्या कष्टांची वाहवा करीत नाही. तो तिच्याबरोबर दळायला बसतो, तिच्याबरोबर शेण्या वेचतो. देवाने जात्याचा खुंटा धरला, ही आमच्या संप्रदायाची मोठी कमाई आहे. म्हणून काटकसरीची पहिली कसोटी तिथून घ्यावी : हा भार कोण उचलतो? बाळाला कापडी लंगोट बांधायचे हा निर्णय बापाचा आणि धुण्याचा पिळा मात्र आईकडे, असे असेल तर ते आईच्या अंगावर टाकलेले ओझे आहे. बापाने पिळा उचलावा, मग व्रत सांगावे. मुले ऐकून शिकत नाहीत, पाहून शिकतात. बाबा धुणे वाळत घालतात हे ज्या मुलाने पाहिले, त्याला श्रमाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी कसोटी मुलाची. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. नामात तल्लीन होऊन माती तुडवताना रांगते मूल पायाखाली आले आणि त्यांना भान राहिले नाही. पुढे विठ्ठलकृपेने ते मूल परत मिळाले. कीर्तनात ही कथा तन्मयतेसाठी सांगतात आणि तशी ती सांगावीच. पण त्या कथेत हंबरडा फोडणारी आईही आहे, तिला विसरू नका. मोठ्यांचे व्रत कितीही उंच असो, त्याच्या पायाखाली लेकरू आले की ओरडायला घरात कोणीतरी हवे. गोरोबांचे मूल देवाने परत दिले. आपण आपल्या मुलाचे तुडवलेले मन परत मिळण्याची वाट पाहत बसू नये.

आता मन तुडवणे म्हणजे काय? वर्गातल्या मित्राच्या वाढदिवसाला जाताना मुलाच्या हाती काही द्यायचे नाही आणि वर तत्त्व सांगायचे. ठिगळाचे दप्तर देऊन त्याच्या लाजेला हसायचे. सहा वर्षांच्या पोराला झोपताना सांगायचे की पृथ्वी आता संपत आली आहे. भ्यालेले मूल काटकसरी होत नाही, ते साठवायला लागते. उद्या मिळणार नाही असे ज्याला वाटते, तो आजच मूठ घट्ट करतो.

कीर्तनाच्या निमित्ताने पुष्कळ घरांत मुक्काम झाले. एका घरात पेन्सिलीचे तुकडेसुद्धा मोजून ठेवलेले होते. शेजारचे मूल खेळायला आले तेव्हा त्या घरच्या मुलाने बिस्किटांचा डबा हळूच गादीखाली सरकवला. त्याला कोणी लबाडी शिकवली नव्हती. "संपेल, संपेल" हा एकच शब्द त्याने घरात ऐकला होता. दुसऱ्या एका घरीही तुकडे तसेच जपलेले होते, नळीच्या टोपणात खोचून लिहायला घेत. पण तिथली मुलगी रोज संध्याकाळी तांदळाची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकी. डबा भरला की आईबरोबर जाऊन ती तो वाटेवरच्या एका म्हातारीला देऊन येई. दोन्ही घरांत वस्तू सारख्याच जपल्या जात. एका घरात मूल घाबरले होते, दुसऱ्या घरात ते दाते झाले होते.

यावरून तिसरी कसोटी निघते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी : राखलेले जाते कुठे?

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाविषयी व्रते सांगितली आहेत. अन्नाची निंदा करू नये. अन्न अव्हेरू नये. अन्न पुष्कळ निर्माण करावे. आणि दारी आश्रयाला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये. हा क्रम पाहा. पहिली दोन व्रते राखण्याची आहेत, पण तिथे ऋषी थांबत नाहीत. राखलेले वाढवायचे आणि वाढवलेले आल्यागेल्याच्या पानात वाढायचे, इथवर ते नेतात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही जे केवळ स्वतःपुरते शिजवतात ते पापच खातात, असे भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे. तो केवळ आपल्यापुरता शिजवणारा कदाचित एक शीतही वाया घालवीत नसेल. तरी दोष टळत नाही.

एकनाथमहाराजांची कावड आठवा. काशीची गंगा रामेश्वराला न्यायची. शेकडो कोसांच्या वाटेत नाथांनी ते पाणी किती जपले असेल! स्वतःला तहान लागली तरी त्याला हात लावला नसेल. आणि वाळवंटात तडफडणारे गाढव दिसताच ती कावड त्यांनी त्याच्या तोंडी लावली. आपण नाथांच्या देण्याला नमस्कार करतो, त्याआधीच्या राखण्याकडे आपले लक्ष जात नाही. वाटेत सांडलवंड केली असती, तर त्या गाढवाला काय पाजले असते? राखणे आणि देणे या एकाच कावडीच्या दोन घागरी आहेत. एकच भरली तर कावड कलंडते.

गाडगेबाबांचे तसेच. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातात झाडू आणि खापराचे गाडगे. त्याच गाडग्यात खायचे, त्यातच प्यायचे. यापेक्षा कमी वस्तूंत माणूस जगू शकेल असे वाटत नाही. पण लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या, आणि मुलांच्या शाळेसाठी हात आखडू नका असे गावोगाव सांगत फिरले. स्वतःसाठी गाडगे आणि दुसऱ्यासाठी धर्मशाळा. कृपणाचे याच्या उलट असते.

कोणी विचारील, "आमच्या एका घराने काय होणार? इंद्रायणीवर फेस येतो तो काय आमच्या न्हाणीचा?" प्रश्न रास्त आहे. आळंदीला त्या फेसातून तीर्थ घेताना कोणत्या वारकऱ्याचे मन कळवळत नाही? शहरांचे आणि कारखान्यांचे न शुद्ध केलेले पाणी नदीत येते, ते एका घराच्या काटकसरीने थांबणार नाही. त्यासाठी गावसभेत उठून बोलावे लागेल, अर्ज द्यावे लागतील. घरातली काटकसर हे त्या बोलण्याला पर्याय नाही, पण ती त्या बोलण्याला बळ देते. आणि मुलाला बरोबर नेऊन नदीकाठ झाडला, तर ती नदी त्याची होते. आपले म्हटल्यावर कोणी सहजासहजी घाण करीत नाही.

आणखी एक सावधगिरी. काटकसरीचा आणि निसर्गप्रेमाचाही अहंकार होतो. घरातले चांगले प्लास्टिकचे डबे फेकून बांबूचे महागडे डबे आणणे, आणि मग शेजाऱ्याच्या पिशवीकडे नाक मुरडणे, यात निसर्गही वाचत नाही आणि पैसाही. जे घरात आहे ते झिजेपर्यंत वापरावे. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटरची वाट वारकरी एका वळकटीवर चालतो, त्यात आपले ताट आणि तांब्या घेतो. पण त्याला कोणी त्यागी म्हणत नाही आणि तो म्हणवूनही घेत नाही. ओझे कमी असले की नाचता येते, इतका साधा हिशेब आहे.

मग मुलांना काय शिकवायचे? फार नाही. ताटात थोडे घ्यायचे आणि हवे तर पुन्हा मागायचे, मागितल्यावर मात्र हसतमुखाने वाढायचे. तुटलेले बटण स्वतः लावायचे. लहान झालेला सदरा धुऊन, घडी घालून, कोणाला द्यायचा ते मुलानेच ठरवायचे. वाचलेल्या पैशांचे काय झाले हे त्याच्या डोळ्यांना दिसू द्यायचे. घरातल्या एखाद्या आनंदात मात्र हात आखडायचा नाही. सणाला पुरण पोटभर असावे.

आपल्या परंपरेत याचा पाठ कधीचा घालून ठेवला आहे. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. आषाढी पौर्णिमेला पालख्या गोपाळपूरला जातात, तिथेही कालाच होतो. काला म्हणजे काय? गोपाळांनी आपापल्या घरून आणलेल्या शिदोऱ्या. कोणाची ताजी, कोणाची शिळी, कोणाचे दही, कोणाच्या नुसत्या लाह्या. कृष्णाने त्या एकत्र कालवल्या आणि सवंगड्यांच्या मुखी घास घातला. त्यात वाया काही गेले नाही, उपाशी कोणी राहिले नाही, आणि कोणाची शिदोरी गरीब होती हे कोणाला कळलेही नाही. तो प्रसाद हाती आला की आपण एक लाहीसुद्धा खाली पडू देत नाही, आणि एकटे खातही नाही. शेजारच्या हातावर चिमूटभर ठेवतोच.

घरातल्या प्रत्येक वस्तूला मुलाने असाच हात लावावा, इतके झाले तरी पुष्कळ आहे. पाणी असो, भाकरी असो, जुने पुस्तक असो, ते सांडू नये आणि दडवूही नये.

पुंडलीक वरदे हारि विठ्ठल.