दुपटं हाताचं की मशीनचं?

॥ श्री गुरुमाउली प्रसन्न ॥



आपल्या महिला सेवा गटात मागच्या वर्षी एक वाद झाला. नवजात बाळांसाठी आम्ही दुपटी शिवतो. जुन्या सुती साड्यांचे चार थर, मीटरभर लांबी-रुंदी, वरून धावदोरा. काही ताईंचं म्हणणं, मशीन लावलं तर ती सेवा कसली? टाक्या-टाक्याला नाम घ्यावं, तेव्हा ती सेवा. आम्हालाही पटलं. ठरलं, सगळं हातानेच.

एका दुपट्याला चार-चार दुपारी गेल्या. आपल्या आदिलाबादची थंडी सर्वांना माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो. आमची २१ दुपटी पूर्ण झाली, तोवर होळीची लाकडं गोळा व्हायला लागली होती. वाटताना एका बाळाची आजी एवढंच म्हणाली, "बाई, हे पौषात मिळालं असतं तर..." रागाने नाही, सहजच. पण आम्ही मान खाली घातली. टाके आमचे सुंदर होते. थंडी मात्र बाळांनी सोसली. मग ती सेवा बाळांची झाली, की आमच्याच समाधानाची?

यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली शिलाई मशीनचा अपवाद केला होता. सिंगरने बायकोचे कष्ट पाहून, प्रेमापोटी ते बनवलं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे यंत्र कोणासाठी चालतंय, हे आधी पाहायचं.

यंदा दिवाळी होताच मशीन काढलं. मधल्या शिवणी मशीनवर, किनार तेवढी हाताने. एका दिवसात तीन दुपटी! आणि तिथेच दुसरा धडा मिळाला. थर सरकू नयेत म्हणून टाचण्या लावतो, शिवण जवळ आली की काढतो. गप्पांच्या नादात आमच्याच हातून एक आत राहिली. किनार दुमडताना गटातल्या सर्वांत वयस्क काकूंच्या बोटाला ती टोचली. त्यांना आता कमी दिसतं, पण बोटं सगळ्या कापडावरून फिरतात. काकू काही बोलल्या नाहीत. टाचणी काढून डबीत ठेवली. ते दुपटं तसंच गेलं असतं तर? त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

तेव्हा कळलं, हाताने केलं म्हणून सेवा होत नाही आणि मशीनने केलं म्हणून बिघडत नाही. ज्याच्यासाठी करतोय, तो डोळ्यासमोर आहे का? मागच्या वर्षी उशिरामुळे बाळ विसरलं, यंदा घाईमुळे.

आता आमचा नियम एकच: टाचण्या मोजून घ्यायच्या, मोजून ठेवायच्या. नाम त्या मोजणीतही घेता येतं. आपल्या घरच्या रोजच्या कामातही हे एकदा तपासून पाहावं, ही विनंती.

चूकभूल माफ असावी. जय गुरुदेव 🙏

— एक सेवेकरी भगिनी, आदिलाबाद