दुरुस्तीचा धर्म

मोडकी वस्तू दुरुस्त करावी कीं टाकावी, हा प्रश्न केवळ काटकसरीचा नव्हे, नीतीचाही आहे. भीमेकांठचें दौंड काय किंवा घोडनदीकांठचें शिरूर काय, भोंवतालच्या खेड्यांत पूर्वीं सुतार-लोहारांस खळ्यावर बलुतें मिळे. औताच्या दर दुरुस्तीस निराळा दाम नसे. १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ ग्रंथांत त्रिंबक नारायण आत्रे यांनीं ही व्यवस्था वर्णिली आहे. काम टिकाऊ करण्यांत तेव्हां कारागिराचेंही हित असे. परंतु तो जन्मानें त्या धंद्यास जखडलेला होता, हें विसरून तिचे गोडवे गाणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. मग आज कर्तव्य तें कोणतें? बाजेचा सैल सुंभ आपल्या हातांनीं आवळावा. जें साधत नाहीं, त्याची पुरी मजुरी द्यावी. नव्याच्या स्वस्ताईचा धाक घालून घासाघीस करणारा वस्तूची नव्हे, माणसाची किंमत पाडतो.