धनुष्य परत करताना

सोफोक्लीजचे ‘फिलॉक्टिटीस’ इ. स. पू. ४०९ मध्ये अथेन्समध्ये सादर झाले आणि पहिले आले. नाटककार तेव्हा ऐंशी ओलांडून गेलेला. दोनच वर्षांपूर्वी तिथली लोकशाही उलथवली गेली होती. सभेतल्या गोड बोलण्याची किंमत प्रेक्षकांना ठाऊक होती.

सर्पदंशाने चिघळलेला पाय, त्याची दुर्गंधी आणि किंकाळ्या असह्य झाल्या म्हणून ग्रीकांनी फिलॉक्टिटीसला लेम्नॉस बेटावर टाकून दिलेले असते. पुढे भविष्यवाणी होते, की तो आणि त्याच्याजवळचे हेराक्लीजचे धनुष्य यांच्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. त्याच्यापुढे उघड जायची ओडिसिअसची सोय नाही, म्हणून अकिलीसच्या कोवळ्या मुलाला, निओप्टोलेमसला, तो पढवतो: मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण त्याचा विश्वास मिळव.

या विषयावर एस्किलस आणि युरिपिडीस यांनीही नाटके लिहिली होती. त्यांच्या कोरसमध्ये लेम्नॉसचे रहिवासी होते. सोफोक्लीजने बेट निर्मनुष्य केले. हा बदल मला नाटकाचा कणा वाटतो. इतक्या वर्षांनी माणूस भेटल्यावर फिलॉक्टिटीसला आधी काय हवे असते, तर ग्रीक भाषेचा आवाज. तो ऐकून तो हरखतो. आणि फसवणूक येते ती नेमकी त्याच भाषेतून. भुकेल्याला विष द्यायचे तर ते अन्नातूनच द्यावे लागते.

मग वेदनेची कळ येते. पद्याची ओळ तुटते, शब्द संपतात, उरतो नुसता आक्रोश. (भाषांतरकारांची इथे त्रेधा उडते; ‘हाय हाय’ने भागत नाही.) तोवर मुलगा सफाईने खोटे बोलत असतो, पण शब्दच नसलेल्या दुःखापुढे त्याची विद्या चालत नाही. त्यात फिलॉक्टिटीस धनुष्य त्याच्या हाती सोपवतो आणि शपथही घालत नाही, फक्त हातात हात मागतो.

पुढे निओप्टोलेमस सत्य सांगतो, धनुष्य परत करतो. पण हिशेब मिटतो का? यानंतर तो जे सांगतो ते खरेच असते: ट्रॉयला चल, तिथे जखम बरी होईल, कीर्ती मिळेल. फिलॉक्टिटीस ऐकत नाही. खोट्याने केलेले नुकसान इथे मोजावे. त्याने नंतरचे सत्यही नासवले. शेवटी हेराक्लीज प्रकटतो. गुंता सुटेना म्हणून देव आणला, असे काहीजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. देव सांगतो त्यातले बरेचसे मुलाने आधीच सांगितलेले असते. देवाने मात्र या माणसाला कधी फसवलेले नसते.

जाताजाता हेराक्लीज दोघांना बजावतो, की नगर लुटताना देवांचा मान राखा. वृद्ध प्रायमला वेदीपाशी कोणी मारले, हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला माहीत होते. तो हाच मुलगा.