काही न घडवणारा रेणू

महाळुंग्याहून बाणेरमार्गे पाषाणला गेलं की आयसर पुणे ही संस्था लागते. तिथल्या अंजन बॅनर्जी यांच्या गटाने २०१४ साली बटाट्यावरचं एक संशोधन प्रसिद्ध केलं. बटाट्याच्या अँडिजेना या प्रकारात दिवस लहान झाले की जमिनीखाली कंद धरतात. या गटाने ‘मायक्रोआरएनए १५६’ नावाचा रेणू झाडात नेहमीपेक्षा जास्त तयार करवला. मग लहान दिवसांत बटाटे मातीखाली धरायचे ते चक्क वर, खोडावर, पानांच्या बेचक्यात धरले!

जेमतेम वीस-बावीस अक्षरांची ही आरएनएची चिटुकली साखळी. तिच्यापासून प्रथिन बनत नाही. जनुकाकडून प्रथिन बनवण्याचा निरोप निघाला की ती त्याला चिकटते आणि तो निरोप तिथेच अडवते किंवा नष्ट करते. कालव्यावरचा पाटकरी स्वतः काही पिकवत नाही, पण त्याने वेळेवर दार लावलं नाही तर उभं पीक पाण्यात जातं. आपण माणसाची कर्तबगारी त्याने काय उभं केलं यावरून मोजतो. वेळीच थांबवणाऱ्याची मोजदाद कुणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शरीराला मात्र त्याची किंमत कळते. कार्लो क्रोचे यांच्या गटाने २००२ साली दाखवलं, की रक्ताच्या एका जुनाट कर्करोगात बऱ्याच रुग्णांच्या पेशींतून असे दोन रेणू, १५ आणि १६ क्रमांकाचे, गायब किंवा कमी झालेले असतात. पेशीला मरू न देणाऱ्या एका प्रथिनाला हेच रेणू आवर घालतात. आवर सुटला, की मरायला हव्या त्या पेशी जगत राहतात आणि साठत जातात.

असा पहिला रेणू १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस यांना मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीत सापडला. तो कोणता निरोप अडवतो, हे गॅरी रुव्हकुन यांनी शोधलं. पुढची सात वर्षं ही त्या कृमीचीच तऱ्हा समजली गेली. मग २००० साली तसाच दुसरा रेणू माणसातही सापडला. दोघांना नोबेल मिळालं ते २०२४ मध्ये. कृमीवरच्या त्या कामाला तेव्हा कुणी ‘याचा उपयोग काय’ म्हणून पैसे नाकारले असते, तर कर्करोगातली ही खोट शोधायची कुठे, हेच कळलं नसतं. पाषाणच्या बटाट्यालाही तो प्रश्न घाईने विचारू नये.